बोटीवरचा भरणा

आपल्या होस्टेलमध्ये पैशाची दोनच रूपं आहेत. एक म्हणजे मोबाईलवरचं 'पेमेंट सक्सेसफुल' आणि दुसरं म्हणजे पंचवीस तारखेनंतर ते न होणं! मेस, झेरॉक्स, कटिंग चहा, सगळं स्कॅन करून. नोटा बघायच्या तर गावी जावं लागतं. म्हणून रोख पैसा या विषयावर लिहायचं ठरवलं, आणि तेसुद्धा क्रूझवरच्या. (होय, क्रूझवरच्या. दचकू नका, खर्च दादाचा होता.)

दादा सिंगापूरला नोकरीला आहे. आई-अण्णांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून त्याने सिंगापूर-पेनांग-सिंगापूर अशी तीन रात्रींची सफर बुक केली. अण्णा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले. आयुष्यभर रोज रात्री डेपोत वेबिल जुळवून कॅश भरली. दहा रुपये शॉर्ट आले तर ते खिशातून भरायचे, असा कारभार. असा माणूस जिथे पैसा दिसतच नाही अशा जागी नेला, म्हणजे काय होणार ते सांगायला नको.

निघण्याआधी अण्णांनी परवाना असलेल्या मनी चेंजरकडून पासपोर्ट आणि तिकीट दाखवून डॉलर घेतले. नियमाप्रमाणे एका प्रवासाला माणशी ३००० डॉलरपर्यंत रोख नेता येते. अण्णांनी घेतले ४००, आणि त्यातल्या बऱ्याच नोटा ५ आणि १० च्या मागून घेतल्या. "सुट्टं असलं की माणूस अडत नाही," हे त्यांचं तत्त्व. माझ्याकडे काम होतं डेबिट कार्डाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. ते ॲपमधून चालू करावं लागतं. हे घरीच उरकावं, कारण भर समुद्रात ओटीपीची वाट बघणं म्हणजे एक्सटर्नलच्या दयेची वाट बघणं!

बोटीवर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. कॉफी, फोटो, दुकानातली खरेदी, सगळं त्यावर टिपलं जातं आणि शेवटी एकत्र बिल. रोख कोणी घेतच नाही. आमचं जहाज अमेरिकी कंपनीचं, त्यामुळे सिंगापूरहून सुटलं तरी हिशेब डॉलरमध्ये. शिवाय माणशी दररोजची टिप आपोआप लागते आणि पेयांवर साधारण १८ टक्के वेगळे. म्हणजे दहा डॉलरचं सरबत पोटात जाईपर्यंत पावणेबारा-बारा डॉलरचं होतं.

दादाने दोन्ही खोल्यांना आपलं क्रेडिट कार्ड जोडलं होतं. अण्णा सरळ काउंटरवर गेले आणि मला दुभाषा करून म्हणाले, "आमच्या खोलीचं वेगळं करा. रोख भरतो." आणि खरंच तशी सोय होती! २०० डॉलर अनामत भरले की तेवढ्यापुरतंच कार्ड चालतं, उरलेले शेवटी परत. डेबिट कार्ड जोडलं तर मात्र बोटवाले अंदाजाने काही रक्कम अडवून ठेवतात आणि ती सुटायला उतरल्यावरही काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डात लिमिट अडतं, डेबिट कार्डात आपले खरेखुरे पैसे. महिनाअखेरीला जगणाऱ्या जमातीने हे ध्यानात ठेवावं.

एटीएमसुद्धा होतं. त्यातून डॉलर निघतात, पण दरवेळी शुल्क, वर आपल्या बँकेचं शुल्क वेगळं. अण्णांनी स्क्रीनवरचा आकडा मला वाचायला लावला आणि म्हणाले, "आपलंच पैसं काढायला यांना तिकीट?"

दुसऱ्या दिवशी पेनांग आलं. जॉर्जटाउनचा धक्का गावाला लागूनच आहे, दहाएक मिनिटं चाललं की लिटल इंडिया. तिथे मनी चेंजरची दुकानं आहेत, तमिळ गाणी आणि जाईचे गजरे आहेत. बोटीवरचं कार्ड इथे नुसतं प्लॅस्टिक. अण्णांनी तीन दुकानांत भाव विचारून ५० डॉलरचे रिंगिट घेतले आणि त्यांच्या चालीत एकदम फरक पडला. सायकलरिक्षावाल्याशी भाषा कळत नसताना बोटांवर घासाघीस केली. आईने गजरा घेतला, आम्ही चेंडोल खाल्लं. परत चढायच्या आत उरलेल्या रिंगिटची बिस्किटं घेतली, कारण बोटीवर रिंगिट चालत नाहीत.

तिसऱ्या दिवशी, भर समुद्रात, आई डेकवर ओल्या फरशीवरून घसरली. घोटा बघता बघता टम्म सुजला. खालच्या मजल्यावर बोटीचा दवाखाना. डॉक्टर, एक्स-रे, पट्टी. हाड मोडलं नव्हतं, पण दवाखान्याचं बिलही त्याच खात्यावर पडतं आणि ते अनामतीच्या पलीकडे गेलं. अण्णांनी पाकीट काढलं. उरलेल्या नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. दादा काही बोलला नाही, काउंटरवर जाऊन त्याने खोलीला आपलं कार्ड जोडून दिलं. अण्णा एवढंच म्हणाले, "पावती घे. विम्याला लागंल." त्या पावतीवर पुढे विम्याचे पैसे मिळाले.

त्याच रात्री जेवताना वाढपी आईला मराठीत म्हणाला, "काकू, पाय वर ठेवा." पोरगा वेंगुर्ल्याचा! त्याचा पगार आता कार्डावर जमा होतो, घरी मात्र अजून विचारतात, "नोटा कधी आणतोस?" टिप आपोआप कापली जाते हे अण्णांना माहीत होतं. तरी त्यांनी दहाची नोट घडी करून त्याच्या हातात ठेवली. तो लाजला, पण घेतली.

नंतर खोलीत अण्णांनी सगळ्या पावत्या पलंगावर मांडल्या आणि मला काउंटरवरून खात्याची छापील प्रत आणायला पिटाळलं. ओळ न् ओळ ताडली. एक सरबत दोनदा लागलं होतं. सही एकाच पावतीवर होती. सकाळी काउंटरवर दाखवलं, दोन मिनिटांत कमी झालं. मागे रांगेत उभे असलेले लोक बिल न वाचताच निघून जात होते.

तेव्हा मंडळी, उद्या प्लेसमेंट होऊन कोणी क्रूझवर गेलात, तर कार्ड जरूर न्या, आईच्या घोट्यासाठी. सुट्ट्या नोटाही न्या, धक्क्यावरच्या रिक्षावाल्यासाठी आणि वेंगुर्ल्याच्या पोरासाठी. आणि उतरायच्या आदल्या रात्री वेबिल जुळवा. आमचं जुळलं. अण्णा म्हणाले, "चला, भरणा झाला," आणि शांत झोपले.