बसऱ्याच्या काकांचे नाव

पुण्यामुंबईच्या माणसाला खानदेश माहीत असतो तो केळी, कपाशी, वांग्याचे भरीत आणि ऊन एवढ्यापुरता. जळगाव स्टेशन आले की भुसावळ जवळ आले म्हणून तो डोळे उघडतो आणि पुन्हा मिटून घेतो. गेल्या मार्गशीर्षात मी मात्र तेथे मुद्दाम उतरलो. मला एका माणसाचे नाव हवे होते.

माणूस आमच्याच घरचा, आजोबांचे थोरले बंधू. पहिल्या महायुद्धात ते पलटणीत गेले, बोटीने बसऱ्याला पोचले आणि तिकडेच राहिले. वय विशीच्या आतबाहेर. लग्न झालेले नव्हते, फोटो काढलेला नव्हता. पणजीने त्यांचे नाव पुन्हा कधी घेतले नाही आणि दुसऱ्या कोणी घेतलेले तिला खपत नसे. ती गेली तोवर नाव ठाऊक असणारेही एकेक करून गेले. आखाजीला आमच्याकडे घागर भरतात आणि एकेका पितराचे नाव घेऊन चुलीत आगारी टाकतात. सगळी नावे झाली की आजी जराशी थांबे आणि म्हणे, ‘‘ही बसऱ्याच्या काकांना.’’ अधिक विचारले तर अहिराणीत एवढेच उत्तर मिळे : ‘‘बसराले गया, परत वना नही.’’

साताऱ्याकडे हा शोध सोपा गेला असता. तिकडे अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हे बिरुदच लागलेले आहे. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले आणि गाव त्यांना विसरलेले नाही. खानदेशात पलटणीची वाट इतकी मळलेली नव्हती. पण २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात कूत येथे इंग्रजांची सुमारे १३,००० फौज तुर्कांना शरण गेली. तीत मराठा पलटणीही होत्या. त्यानंतर नव्या भरतीची निकड वाढत गेली. शिपायाला महिना ११ रुपये पगार. कोरडवाहू वावर कसणाऱ्या बापाच्या घरात दरमहा रोख ११ रुपये म्हणजे काय, ते मी सांगायला नको!

असा शोध घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी ‘जळगाव जिल्हा’ हे नावच नव्हते. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. आजची नावे महाराष्ट्र राज्य झाल्यावरची, आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळे निघाले. जुना कागद जुन्या नावानेच मागावा लागतो.

आमचे गाव पारोळ्याकडचे. जळगावहून धुळ्याच्या रस्त्याला लागले की पाळधी, एरंडोल, मग पारोळा. उजव्या हाताला, रस्त्यापासून आत, धरणगाव राहते. तेथे ऑट्रम साहेबाने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्याशी झुंजायचे त्यांच्याबरोबरच तो वाघाच्या शिकारीला गेला आणि मग त्यांनाच त्याने गणवेश चढवला. ऑट्रमची चरित्रे निघाली. पण पहिल्या फळीत उभे राहिलेल्या त्या भिल्ल पोरांची नावे किती जणांना सांगता येतील?

पारोळ्याच्या कचेरीत जुनी कोतवाल बुके पुढ्यात आली. गावातले जन्ममृत्यू कोतवालाने सांगावे आणि ते या वह्यांत चढावे, अशी ती पद्धत. १९१८ च्या दसरा-दिवाळीच्या सुमाराची पाने उलटताना हात जड झाला. कारणाच्या रकान्यात ओळीमागून ओळ ‘ताप’. इन्फ्लुएन्झाची साथ ती. आमचे काका मात्र कोठेच नाहीत. बरोबरच आहे, जो गावात मेलाच नाही, त्याचा मृत्यू गाव कसा नोंदवील? माझा चेहरा पाहून तेथल्या वयस्कर कारकुनांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, माणूस सापडत नसला तर जमीन शोधा.’’

फेरफाराच्या वह्या निघाल्या. आमच्या आडनावाच्या दोन नोंदी : १९१८ मध्ये एक खरेदी, १९२० मध्ये एक वारस. मजकूर मोडीत. तिला कारकुनांनी हात जोडले, मीही जोडले, आणि नकला घेऊन धुळे गाठले.

धुळ्याच्या जुन्या पेठेत गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये कचेऱ्यांसाठी हे ठिकाण निवडले, तेव्हापासूनचा हा सरळ रेघांचा थाट. या गावात मोडीसाठी वणवण करावी लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच वारले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी नक्कल खिडकीशी धरली आणि पेपरातली बातमी वाचावी तशा सहजपणे वाचून दाखवली. खरेदी होती काकांच्या नावाने. पुढे ‘लष्करात नोकर’. दुसऱ्या नोंदीत तेच नाव, ‘मयत’, वारस धाकटा भाऊ. बसऱ्याहून पगार येत होता. त्यातून बापाने वावर घेतले, तेही मुलाच्या नावावर.

ते नाव मी येथे छापत नाही. आधी ते आखाजीला घरात उच्चारले जावे.

नाव हाती आल्यावर पुढचे काम राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत झाले. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठे स्मारक उभारले गेले. कबर न सापडलेले चाळीस हजारांवर सैनिक त्यावर मोजले आहेत. मोजले आहेत, असेच म्हणायला हवे. इंग्रज शिपायाचे नाव दगडात कोरले. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचेही कोरले. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार नुसती संख्या. या वागणुकीबद्दल आयोगाने २०२१ मध्ये माफी मागितली. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सगळे स्मारकच उचलून बसऱ्याबाहेर वाळवंटात नेले गेले. दगडावर नसलेली नावे वह्यांत मात्र आहेत. त्या नावाचे शिपाई कितीतरी निघाले. बापाचे नाव जुळून, मोडक्या इंग्रजी स्पेलिंगात आमचे गाव आणि पुढे ‘पूर्व खानदेश’ असे असलेला एकच.

परतताना गावात शिरून ते वावर पाहिले. आता ते दुसऱ्यांचे आहे. कपाशीची वेचणी चालली होती. मी गट नंबर सांगू लागलो, तर बांधावरची म्हातारी म्हणाली, ‘‘म्हणजे शिपाईनं वावर ना?’’ गावात त्याला हेच नाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या. कोण शिपाई, असे विचारले तर ती म्हणे, असेल कोणी पोलिसातला. मी तिला काकांचे पुरते नाव सांगितले. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले आणि ओटीतला कापूस सावरीत पुढच्या ओळीला लागली.