गाडी घरची, तिची देखभालही घरचीच

आमच्या तुळिंजमध्ये गाडी घेणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. ती धड ठेवणे अवघड. गल्ल्या अरुंद, इमारती एकमेकींना खेटून, गाड्या तळमजल्यावर आणि पावसाळ्यात पाणीही सर्वांत आधी तिथेच. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची वाहतूक ठप्प झाली होती, हे इथल्या कोणत्याही घराला वेगळे सांगावे लागत नाही. अशा वस्तीत आमच्याकडे एक क्रॉसओव्हर आहे. म्हणजे दिसायला जीपसारखी उंच, पण मुळात साधी मोटारच. लांबी चार मीटरच्या आत, जमिनीपासून पोटाची उंची सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम आठ इंच. जाहिरातीत ती डोंगर चढते. आमची गाडी आठवड्यातून तीनदा अब्बांना डायलिसिसला नेते.

आमचे हे दोहाला नोकरीला आहेत. घरी सासूबाई, सासरे म्हणजे अब्बा, दोन मुले आणि मी. अब्बांचे सेंटर मीरारोडला. पहाटे साडेचारला निघायचे, वसई फाट्यावरून महामार्ग धरायचा, वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची आणि सहाच्या आत पोचायचे. चार तास मशीनवर. एखादी पाळी चुकली तर अंगात पाणी साठते, धाप लागते. म्हणून आमच्या घरात गाडी "बंद पडली" हे वाक्य चालत नाही.

देखभाल मी शिकले ती खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्या चाचांकडून. एका पहाटे चावी फिरवली, तर नुसता टिक-टिक आवाज. ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला, तर न पाहताच म्हणाला, "बॅटरी गेली, नवीन टाकावी लागेल." चाचा रिक्षा काढत होते. त्यांनी बोनेट उघडायला लावले आणि म्हणाले, "बेटा, बॅटरी नाही गेली, तिचं तोंड बंद झालंय." बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. खायचा सोडा घातलेले कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, एवढ्यात ती निघाली आणि गाडी सुरू झाली. नव्या बॅटरीचे काही हजार वाचले, हे तर खरेच. पण आपल्या गाडीत काय चालले आहे हे घरातल्या कोणाला तरी कळले पाहिजे, हे त्या दिवशी पक्के झाले.

तेव्हापासून जुम्म्याच्या सकाळी, इंजिन थंड असताना, दहा-पंधरा मिनिटे गाडीची. त्यात कसलीही कारागिरी नाही. इंजिन ऑइलची कांडी ओढायची, कपड्याने पुसायची, परत घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असले म्हणजे झाले. कूलंट आणि ब्रेक ऑइलच्या पारदर्शक डब्यांवर कमी-जास्तच्या रेघा असतात, त्या बाहेरूनच दिसतात. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडायचे नाही, आतले पाणी उसळून तोंड भाजते. वायपरच्या डब्यात पाणी भरायचे. मग गाडीखाली वाकून जमिनीवर कसले थेंब आहेत का ते पाहायचे. एसीचे स्वच्छ पाणी असेल तर चिंता नाही. तेलकट किंवा रंगीत असेल तर गॅरेज.

बॅटरीची टोके सोडायची वेळ आली तर काळी, म्हणजे वजा खुणेची तार आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. त्याने ठिणगीचा धोका टळतो. टोके स्वच्छ करून वर थोडी पेट्रोलियम जेली लावली की भुकटी लवकर धरत नाही. विजेच्या दुकानात मिळणारा साधा मीटर मी घेऊन ठेवला आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. गाडी आठवडाभर उभी राहत असेल, तर नुसते इंजिन चालू करून पाच मिनिटांत बंद करू नये. अर्धा तास फिरवून आणावी.

टायरमधल्या हवेचा आकडा पंपावरच्या मुलाला विचारू नये. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो, आणि माणसे-सामान भरून जाताना किती ठेवायचा तेही तिथेच लिहिलेले असते. हवा टायर थंड असतानाच मोजावी. दूर चालवून आणल्यावर आकडा फुगलेला दिसतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना हे चार आकडे जरूर वाचा. टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. खाचा झिजून त्यांच्या पातळीला आल्या, म्हणजे १.६ मिलिमीटर उरल्या, की टायर संपला. ओल्या रस्त्यावर तो पाणी कापत नाही, पाण्यावरून घसरतो.

स्टेपनी बदलणे बाईमाणसाला जमत नाही, असे मीही ऐकत आले होते. त्यात जोर कमी आणि क्रम जास्त. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, समोरच्या चाकाला दगड. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे. पान्याच्या दांड्यावर पाय देऊन भार टाकला की ते सुटतात. मगच जॅक, तोही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. नवे चाक बसवून नट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळायचे. डिकीत हातमोजे, एक जुनी चटई आणि बॅटरीचा दिवा ठेवला आहे. बुरख्याचा घोळ आवरून चटईवर गुडघे टेकले की काम होते. इमारतीखाली दोनदा सराव केला, तेव्हा चाचा बाजूला उभे होते आणि त्यांनी हात लावला नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता पाण्याविषयी, कारण आमच्याकडे खरा प्रश्न तोच आहे. उंच गाडी म्हणजे पाण्यातून जाणारी गाडी, हा समज फार घरांत आहे. इंजिनाला हवा लागते, आणि ती जिथून आत जाते तिथून पाणीही जाऊ शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेले की पिस्टनचा दांडा वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते. समोरून बस किंवा ट्रक गेला की त्याची लाट बोनेटपर्यंत चढते, मग गाडीची उंची कामी येत नाही. आमच्या घरचा नियम असा: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेले दिसले, किंवा खालचा रस्ताच दिसत नसला, तर गाडी पुढे न्यायची नाही. त्याहून कमी पाण्यातून जावेच लागले तर पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, न थांबता. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवायचे. पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही. ढकलून किंवा ओढून बाहेर काढायची. पाण्यात चावी फिरवल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. पॉलिसी काढून आजच पाहा.

याहून मोठी गोष्ट जिवाची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही माणसे बंद गाडीतच गुदमरून गेली. विजेवर चालणाऱ्या काचा पाण्यात दगा देऊ शकतात. म्हणून काच फोडायचा छोटा हातोडा चालकाच्या हाताशी ठेवावा. डिकीत ठेवलेला उपयोगाचा नाही. मारायचा तो बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. समोरची काच दुपदरी असते, ती फुटून मोकळी होत नाही.

पण डायलिसिस पावसासाठी थांबत नाही. म्हणून हवामान खात्याने आदल्या दिवशी लाल किंवा नारिंगी इशारा दिला की आम्ही संध्याकाळीच निघतो आणि अब्बांना मीरारोडला नणंदेकडे मुक्कामाला नेतो. गाडीही तिथेच राहते. गेल्या पावसाळ्यात असे चारदा झाले. पहिल्यांदा अब्बांना संकोच वाटला, "मुलीच्या घरी किती वेळा जायचं?" त्या रात्री इकडे आमच्या तळमजल्यात घोट्याच्या वर पाणी होते. सकाळी त्यांनी ते फोनवर ऐकले, आणि नंतर आभाळ भरून आले की स्वतःच पिशवी भरून बसू लागले.

आता गाडीला लावायच्या वस्तू. बाजारात त्यांचा सुळसुळाट आहे, आणि बऱ्याचशा दाखवायच्या आहेत. पुढे लोखंडी गार्ड लावू नका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवले होते. धडकेत ते पायी चालणाऱ्याला जास्त लागते आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकते. सासूबाईंची इच्छा होती की पडद्यासाठी काचांना काळी फिल्म लावावी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मला मनाई केली. गाडीच्या मूळ काचेतूनच समोर-मागे निदान ७० टक्के आणि बाजूंना ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम तेव्हा त्यात अधोरेखित झाला. पहाटे महामार्गावर काळ्या काचेतून सायकलवाला दिसत नाही, हे समजावल्यावर त्यांनी तो विषय सोडला. आरशाला टांगलेली तस्बीह मी काढून समोरच्या कप्प्यात ठेवली; नजरेसमोर काही हलत असले की वळणावर माणूस लपतो.

सर्वांत वाईट वस्तू म्हणजे पट्ट्याच्या खाचेत अडकवायची खोटी क्लिप, जी लावली की पट्ट्याचा इशारा बंद होतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती हटवायला लावली. तितकाच घातक, पण कोणाच्या लक्षात न येणारा, म्हणजे मागच्या सीटचा जाड कव्हर. त्याखाली पट्ट्याच्या खाचा गाडल्या जातात. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्याच पालघर जिल्ह्यात, याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवर पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, पण दंडाचे सोडा. आमच्या मागच्या सीटवर अब्बा बसतात. मी कव्हर उसवून तिन्ही खाचा वर काढल्या. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर कव्हरला तिथे उघडी शिवण आहे ना, तेही बघा.

घ्यायच्याच असतील तर या वस्तू घ्या: बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, जंपर केबल, परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी आणि तो हातोडा. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगला मात्र घरी हात लावायचा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही.

आठवीतली माझी मुलगी एका वहीत तारीख, किलोमीटर आणि चारही टायरची हवा लिहिते. गॅरेजमध्ये ती वही नेली की बोलणे नेमके होते आणि नको ते काम बिलात येत नाही. दोह्याहून फोन आला की हे आधी अब्बांची तब्येत विचारतात, मग वहीतले आकडे.

यंदा ७ जूनच्या, म्हणजे मृगाच्या आधी निदान एवढे करा: वायपरचे रबर बदला, टायरच्या खाचा पाहा, बॅटरीची टोके साफ करा आणि विम्याचा कागद वाचा. आणि हे करताना घरातल्या मुलीला आणि मुलाला शेजारी उभे करा, हातात पाना द्या.