एकाच आज्ञेला दोन उत्तरे

उज्जैनकरांना देशांतराची कल्पना निराळी समजावून सांगावी लागत नाही. लंका, अवंती आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा सूर्यसिद्धांताने मध्यरेषा मानली आणि आमचे गाव ज्योतिर्गणिताचे शून्यस्थान होऊन बसले. गणित या रेषेचे करावयाचे आणि मग आपापल्या गावाचा देशांतरसंस्कार त्याला द्यावयाचा, अशी ती पद्धत. बडोद्याचा मध्यान्ह उज्जैनच्या मागून सुमारे दहा मिनिटांनी होतो, तर हैदराबादचा सुमारे अकरा मिनिटे आधी होऊन जातो. सूर्य तोच, सूत्रही तेच. तरीसुद्धा उज्जैनचे उत्तर जसेच्या तसे बडोद्यास वापरले तर ते चुकते. यात सूत्राचा दोष नाही आणि गणित करणाऱ्या शास्त्रीबुवांचाही नाही. गणित ज्या पायावर उभे करावयाचे तो पाया दोन्ही ठिकाणी निराळा असतो, एवढेच.

हे जुने ज्ञान संगणकाच्या कामात उपयोगी पडेल असे मात्र कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. माझी उमेदीची वर्षे नकाशे काढण्यात गेली. ट्रेसिंगचे कापड, काळी शाई, समांतर पट्टी आणि डोळ्यांवर ताण, एवढीच आमची सामग्री. निवृत्तीनंतर नानाखेड्यात, बसस्थानकापासून थोड्या अंतरावर, बिऱ्हाड थाटले. २०२८ च्या सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून शहरात नकाशांच्या कामाला बरकत आली आहे. अशाच एका लहानशा खासगी कचेरीत आमच्या शेजारची मुलगी नोकरीला लागली. तीन महिन्यांची उमेदवारी, ती पार पडली तर कायम होण्याची आशा. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शिकतो आहे. त्या आशेवर घरात काय काय अवलंबून होते हे मी सांगावयास नको.

एका संध्याकाळी ती पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, “काका, माझ्याच मशीनवर होत नाही हो.”

हकिगत अशी. कचेरीत पाच संगणक, सर्व एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेले. पाचांवर नकाशाची तीच प्रणाली. तिला जोडून एक छोटे साधन कोणीतरी तयार करून दिले होते. नळाची रेषा दाखवली की तिच्या दोन्ही बाजूंना ठराविक अंतराचा पट्टा ते आखते आणि त्यात सापडणाऱ्या भूखंडांचे क्षेत्रफळ काढते. तीन संगणकांवर हे काम क्षणात होई. हिच्या संगणकावर नकाशा व्यवस्थित दिसे, पुढेमागे सरके, लहानमोठा होई. पण त्या साधनाचे बटण दाबले की इंग्रजीत लांबलचक तक्रार उमटे आणि काम तेथेच थांबे. “बाकीच्यांचे होते, तुझेच कसे होत नाही?” असा साहेबांचा प्रश्न. प्रश्नातच उत्तर होते, आणि ते तिच्या विरुद्ध होते.

“बाकीच्या सगळ्यांचे होते?” मी विचारले. तिने जरा विचार करून सांगितले की कोपऱ्यातल्या मशीनवरही होत नाही; पण तिथला मुलगा जुना आहे, जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या मशीनवर बसून तो आपले काम उरकून घेतो आणि त्याबद्दल काही बोलत नाही.

जुन्या मोजणीदारांचा एक रिवाज येथे आठवतो. मोजणीची लोखंडी साखळी वापरून वापरून ताणली जाई, कड्या वाकल्या तर आखूडही होई. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ती प्रमाण लांबीशी ताडून पाहत. दोघांच्या मोजणीत फरक पडला तर आधी साखळ्या अदलाबदल करावयाच्या. फरक माणसाबरोबर गेला तर माणसाचा, साखळीबरोबर राहिला तर साखळीचा. तेच मी तिला करावयास सांगितले: उद्या तू दुसऱ्याच्या संगणकावर बस आणि त्याला तुझ्यावर बसव. दोघांनी तोच नकाशा उघडा, तीच रेषा घ्या, तेच बटण दाबा, आणि साहेबांना समोर उभे करा.

दुसऱ्या दिवशी तिचे काम दुसऱ्याच्या संगणकावर बिनबोभाट झाले आणि तिच्या संगणकावर तो अनुभवी गृहस्थ अडला. दोष माणसाचा नव्हे, एवढे तरी सिद्ध झाले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल हेच. पुढचे सारे कारागिरीचे.

आता दोन दुखणाईत संगणक आणि तीन निरोगी. कचेरीने दोन वेळा प्रणाली काढून पुन्हा बसवून पाहिली होती. गुण आला नव्हता. हे घर बदलण्यासारखे आहे. नवे बिऱ्हाड केले तरी आळी आणि शेजार तोच असेल तर कटकटही तीच राहते. प्रणाली ज्या परिसरात नांदते, तेथे जुन्या रहिवाशांनी काय काय ठेवले आहे हे पाहावे लागते. आम्ही कागदाचे दोन स्तंभ केले. चालणाऱ्या संगणकाची प्रत्येक गोष्ट एकीकडे, न चालणाऱ्याची दुसरीकडे: प्रणालीची आवृत्ती, आधी बसवलेले इतर कार्यक्रम, खात्याचे नाव, अधिकार, दशांशचिन्हाची खूण, टंक. तिने रोज संध्याकाळी उतरवून आणावे आणि आम्ही ताडून पाहावे.

कोपऱ्यातल्या संगणकाचा उलगडा आधी झाला. त्यावर पूर्वी दुसऱ्या एका कामासाठी माहितीसंग्रहाचा एक कार्यक्रम बसवलेला होता. त्याने जाताजाता संगणकाच्या सामाईक नोंदीत एक पाटी लावून ठेवली होती. तिचे नाव ‘प्रॉज-लिब’. ही पाटी काय करते हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पृथ्वी गोल आणि कागद सपाट, म्हणून अक्षांश-रेखांशांचे सपाट नकाशात रूपांतर करावे लागते. त्यातही पृथ्वीचा आकार सर्वांनी एकच धरलेला नाही. भारतीय सर्वेक्षणाने एव्हरेस्टसाहेबांचा १८३० चा गोलाभ धरला आणि आपल्या माळव्यातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे मूळ स्थान मानले; आजचे उपग्रह निराळा गोलाभ धरतात. दोहोंत कोणता वापरला हे न पाहता नकाशावर नकाशा ठेवला, तर आमच्या भागात घरे शंभरेक मीटर सरकून बसतात. शंभर मीटर म्हणजे नळ या गल्लीऐवजी पलीकडच्या गल्लीत! ही रूपांतरे करणारे ‘प्रॉज’ नावाचे एक साधन जगभरातील अनेक नकाशाप्रणालींच्या पोटात असते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड एव्हेंडेन यांनी त्याचा आरंभ केला. २०१९ साली आलेल्या त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून सर्व गोलाभांची आणि प्रक्षेपांची माहिती एका कोशात ठेवलेली असते, आणि तो कोश कोठे आहे हे सांगण्यासाठी ही पाटी.

तेव्हा झाले असे, की नव्या साधनाने पाटी वाचली, पाटीने बोट दाखवले त्या घरी ते गेले, आणि तेथे जुन्या कार्यक्रमाचा जुना कोश निघाला. त्याची मांडणी नव्या साधनाला उमगेना. नुसता नकाशा दाखवण्यास कोश फारसा लागत नव्हता, म्हणून नकाशा दिसे. अंतर आणि क्षेत्रफळ काढावयाची वेळ आली की रूपांतर लागे आणि तेथे गाडी अडे. पाटी काढली, साधन चालले. तेवढ्यावर न थांबता पाटी पुन्हा लावून पाहिली, साधन पुन्हा अडले. औषधाने गुण आला एवढ्यावरून निदान खरे ठरत नाही. औषध थांबवल्यावर दुखणे उलटले तर ते पक्के. शेवटी पाटी काढून टाकली आणि जुन्या कार्यक्रमाला त्याचा पत्ता त्याच्यापुरता देऊन ठेवला.

हीच मात्रा मुलीच्या संगणकावर दिली, तर काहीच फरक नाही! पाटी तेथे मुळात नव्हतीच. लक्षण एक म्हणून कारणही एक, अशी समजूत वैद्यकात जितकी घातक तितकीच येथेही. पुन्हा स्तंभ ताडले आणि एका ओळीवर दोघांचीही नजर थबकली. चार संगणकांवर खात्याचे नाव रोमन अक्षरांत होते. हिने संगणक मिळाला त्या दिवशी हौसेने आपले नाव देवनागरीत नोंदवले होते. संगणक त्याच नावाची एक फडताळवजा जागा करतो आणि साधने आपले तात्पुरते कागद तेथे ठेवतात. जुन्या धर्तीची कित्येक साधने फक्त रोमन अक्षरे गृहीत धरून रचलेली असतात. वाटेत नागरी अक्षर आले की त्यांना आपले फडताळच सापडत नाही. त्याच संगणकावर रोमन नावाचे दुसरे खाते उघडले आणि साधन पहिल्याच बटणाला चालले.

त्या क्षणी तिला आनंद व्हावयास हवा होता. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या नावामुळेच ना, काका?”

मी तिला सांगितले ते येथे मुद्दाम लिहितो, कारण आपल्यासारख्या परप्रांतात रुजलेल्या घरांना ते लागू आहे. आपले नाव आपल्या लिपीत लिहिणे ही चूक नव्हे. ते वाचता न येणे ही साधनाची उणीव. आमच्या मध्यप्रदेशातील कचेऱ्यांना हा प्रकार नवा नाही. कृतिदेव टंकात लिहिलेली कागदपत्रे, तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की मोहल्ल्यांची नावे जाऊन रोमन अक्षरांची गिचमिड उरते. युनिकोडने ही अडचण पुष्कळ दूर केली, पण जुनी साधने आणि जुन्या सवयी अजून जिवंत आहेत. तडजोड निघाली ती अशी: आतल्या जागेचे नाव रोमन, आणि पडद्यावर दिसणारे नाव देवनागरीत. तिचे नाव तिच्या अक्षरांत राहिले आणि नळाचे पट्टेही आखले जाऊ लागले.

ती कायम झाली. साहेबांनी शब्द मागे घेतला नाही. पण पाचही संगणकांपाशी एकेक वही ठेवण्याची तिची सूचना त्यांनी मान्य केली. कोणत्या दिवशी काय बसवले, काय काढले, कोणती पाटी बदलली, हे सारे तीत लिहावयाचे. उज्जैनमध्ये माणसांच्या पत्रिका करणारे पुष्कळ आहेत. यंत्रांच्या पत्रिका बहुधा त्या कचेरीतच प्रथम झाल्या असाव्यात.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलेसुना अशा यंत्रांपुढे दिवस काढत असतील. एखाद्याकडून काम होत नाही आणि शेजारच्याकडून होते, तेव्हा त्याला अडाणी ठरवणे फार सोपे असते. तसे करण्यापूर्वी दोघांच्या खुर्च्या बदलून पाहाव्या. पाच मिनिटांचे काम आहे, आणि एखाद्याची भाकरी त्यावर अवलंबून असू शकते.