पेरणीच्या काठीचं ऋण

राहुरीच्या कृषी विद्यापीठात मी मृदाशास्त्र शिकले. मातीचा सामू, सेंद्रिय कर्ब, ओलावा मोजायला तिथे शिकवलं आणि त्याच विद्येवर आजवर जगले. ओल हाताने शोधायला मात्र मला ॲरिझोनातल्या त्सेली इथल्या डिने कॉलेजच्या एका नावाहो आजींनी शिकवलं. त्यांचं हे ऋण आज लिहून ठेवते आहे.

परदेशात शिकत असताना माती परीक्षणाच्या कामासाठी मी तिथे गेले होते. चुस्का डोंगरांच्या पायथ्याचं, 7,000 फुटांवरचं ते गाव. पाऊस बेताचा, आणि पेरणीच्या दिवसांत वारा असा, की वरची माती बघता बघता कोरडी होते. कॉलेज 1968 साली निघालं. अमेरिकेत एखाद्या आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेलं ते पहिलं कॉलेज. राहुरीचं विद्यापीठही त्याच वर्षीचं.

आजींचा वर्ग शेतात भरायचा. विद्यार्थी त्यांना शिमासानी, म्हणजे आईची आई, म्हणत. मीही म्हणू लागले. वरची कोरडी वाळू बाजूला सारायची, बोटांना गारवा लागेपर्यंत उकरायचं, मग टोकदार काठीने भोक पाडून मक्याचे मूठभर दाणे सोडायचे. ओल्या मातीने झाकून वर पुन्हा कोरडी वाळू पसरायची. दाणा जायचा वीतभर खोल, आणि दोन आळ्यांत चांगलं चार-पाच पावलांचं अंतर. हिवाळ्यातल्या बर्फाचं पाणी खाली मुरलेलं असतं. वरची वाळू ती ओल उडू देत नाही. आपल्याकडे मका दीड-दोन इंचांवर टोकतात. इतक्या खालून आपला मका वर यायचा नाही. तिथल्या वाणाचा कोंब मात्र लांब वाढून उजेड गाठतो. शेजारच्या होपी लोकांच्या मक्याचा हा गुण 1914 साली शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. शेतकऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बियाणं निवडून जपला होता.

दुपारी चुरो मेंढ्यांची लोकर कातरायला बसलो, की आजी जुनं सांगत. 1930च्या दशकात सरकारी तज्ज्ञ आले. मेंढ्यांनी कुरणं उघडी पडतात, माती वाहून कोलोरॅडोवरच्या नव्या धरणात गाळ साचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. लाखो शेळ्यामेंढ्या कमी केल्या गेल्या. कित्येक जागीच गोळ्या घालून मारल्या, तशाच कुजत टाकल्या. आजींच्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याआधी, 1864 मध्ये, सैन्याने जवळच्याच कॅन्यन दे शेईतली पीचची झाडं तोडली होती आणि माणसांना शेकडो मैल चालवत नेलं होतं.

मेंढ्या मारल्या त्या मृदसंधारणाच्या नावाने, म्हणजे माझ्याच शास्त्राच्या नावाने. हे ऐकताना माझे हात थांबले. आजींनी कात्री माझ्याकडून घेतली, लोकर नीट गुंडाळली आणि म्हणाल्या, “उद्याची पहिली ओळ तू लाव.” सकाळी काठी माझ्या हातात दिली.

आणखी एक देणं मला उशिरा कळलं. अमेरिकेत 1862च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन राज्योराज्यी कृषी विद्यापीठं उभारली गेली. त्या जमिनी मूळच्या आदिवासींच्या. आदिवासी कॉलेजांना त्या विद्यापीठांचा दर्जा मिळायला 1994 उजाडलं. आपली कृषी विद्यापीठं त्या अमेरिकी विद्यापीठांच्याच नमुन्यावर बेतलेली. म्हणजे मी ज्या पद्धतीने शिकले, तिची किंमत कुणीतरी माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मोजली होती. ज्यांच्याकडून एवढं घेतलं गेलं, त्यांनी मला, परक्या मुलीला, काहीही राखून न ठेवता शिकवलं. याहून मोठं दान मला कुणी दिलेलं नाही.

आजी आता नाहीत. हे ऋण त्यांना फेडता येणार नाही. ते पुढेच द्यावं लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत मी माती परीक्षणाचे वर्ग घेते. पहिला तास गावातली एखादी जाणती शेतकरी बाई घेते: कोणत्या वाफ्यात ओल टिकते, कोणतं बी कुठे तग धरतं, ते ती शेतात उभी राहून दाखवते. मी मुलांबरोबर खाली बसून शिकते. मानधनाच्या यादीत तिचं नाव तज्ज्ञ म्हणून लागतं, माझ्या नावाच्या वर.