पेनड्राइव्हचा आधार
२००८ साली आमचा संगणक इतका मंद झाला, की फाईल उघडेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या होत. मी घरी टायपिंगची कामं घ्यायची. "भंगारात देऊन टाक," हे म्हणाले. म्हणजे माझी चार पैशांची कमाईही गेलीच!

भाच्याने दोन जीबीचा पेनड्राइव्ह लावून विंडोज व्हिस्टातली 'रेडीबूस्ट'ची सोय सुरू केली. नेहमीचे जिन्नस माळ्यावर न ठेवता ओट्याजवळच्या डब्यात ठेवावेत, तसाच प्रकार. रॅम जेमतेम ५१२ एमबी, म्हणून फरक जाणवला. ड्राइव्हमध्ये नक्कलच असते. तो निघाला तरी मजकूर जात नाही. मात्र रॅम भरपूर असेल किंवा एसएसडी असेल, तर या खटाटोपाचा उपयोग नाही, बरं का!

पुढच्या कमाईतून मी रॅमच वाढवली. हे काही बोलले नाहीत. चहा मात्र स्वतः करून आणला.