दगडफुलाचं माहेरचं नाव

परीक्षा तोंडावर आली होती आणि आमच्या घरात ताईच्या लग्नासाठी गोडा मसाला होत होता. आजीनं दगडफुलाचं ताट माझ्याकडे सरकवलं. "साली वेचून काढ." एका तुकड्याला झाडाची साल घट्ट चिकटलेली. मी विचारलं, "आजी, हे तर झाडावरचं. मग दगडफूल कसं?"

"नाव ठेवणाऱ्यानं ठेवलं. त्याला कुणी विचारलं होतं?"

तो तुकडा वहीत घालून मी वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेलो. कला शाखेचा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात पाहून त्यांना आनंद झाला की संशय आला, कळलं नाही. त्यांनी भिंगातून वरचे बारीक खडबडीत कण पाहिले, काळी पाठ पाहिली. मग ब्लेडनं करडी साल खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकला. थेंब पडला तिथं लालभडक!

"पार्मोट्रेमा टिंक्टोरम," सर म्हणाले. टिंक्टोरम म्हणजे रंगाऱ्यांचं. त्यातल्या लेकॅनोरिक आम्लामुळे हा लाल रंग येतो. बाजारच्या दगडफुलात इतर जातीही मिसळलेल्या असतात. त्यांतून ही निवडायला हा थेंब उपयोगी पडतो. ही थेंबांची युक्ती नीलँडर या फिनिश शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये रूढ केली.

दगडफूल हे फूल नव्हेच. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. शैवाल उन्हात अन्न शिजवतं, बुरशी घर बांधते. पण नियमानुसार शैवाकाचं नाव हे बुरशीचंच नाव धरलं जातं. शैवालाला स्वतःचं नाव असतं, दारावरच्या पाटीवर मात्र ते येत नाही. मला हसू आलं. सरांना आलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ती साधी सोय होती.

लिनियसनं १७५३ मध्ये बहुतेक शैवाकं 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबली होती. पुढे घरं वेगळी होत गेली. कॅनरी बेटांवरच्या आमच्या या शैवाकाला डेप्रो यांनी योजलेलं नाव नीलँडरनं १८७२ मध्ये प्रसिद्ध केलं, पार्मेलिया टिंक्टोरम. १९७४ मध्ये मेसन हेल यांनी त्याला पार्मोट्रेमाच्या घरात आणलं. घराणं बदललं, पण 'टिंक्टोरम' तसंच सोबत गेलं. शिवाय पूर्ण नाव लिहिताना आधीच्या नामकर्त्यांची नावं कंसात द्यावी लागतात. तसा नियमच आहे.

त्या आठवड्यात ताईच्या सासरहून नवं नाव ठरून आलं होतं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहायचं नाव. ताई काही बोलली नव्हती. फक्त शाळेची प्रमाणपत्रं काढून बघत बसली होती. घरी येऊन मी आजीला विचारलं, "तुझं माहेरचं नाव काय गं?"

आजीनं खलबत्ता थांबवला. बराच वेळ. "गोदावरी," ती म्हणाली. "गोदी म्हणायचे. म्हणणारं आता कुणी उरलं नाही." वीस वर्षं मी तिला सुशीला म्हणूनच ओळखत होतो.

ताईबरोबर द्यायच्या मसाल्याच्या बरणीवर मी चिठ्ठी डकवली: 'गोडा मसाला, सुशीला (गोदावरी)'. आजीनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"अक्षर सुधार जरा," म्हणाली, आणि बरणी फडक्यात बांधायला घेतली.