पिशवीची गोष्ट

मंडळी, गेलं वर्षभर मी कुणाच्याच लग्नाला का आलो नाही, ते आज सांगूनच टाकतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर कायमची पिशवी आली. चारचौघांत ती गळेल, वास येईल, ही धास्ती!

पुंडलिकनगरच्या उन्हाळ्यात घामानं चकती सुटायची. मी वरून पट्ट्या चिकटवायचो, आत कातडी सोलवटायची. चूक माझीच निघाली. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, पहिले काही आठवडे आकसत जातं. मी मात्र भोक जुन्याच मापानं कापत होतो. ते स्टोमापेक्षा जेमतेम 2-3 मिलिमीटर मोठं हवं. आयुष्यभर पोरांना मोजून काम करायला शिकवलं आणि स्वतः...

आता कातडी साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करतो. तेल, पावडर काही नाही. चकती लावल्यावर मिनिटभर तळहाताची ऊब देतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करतो. नळाला पाणी येवो न येवो, मोरीत एक भरलेली बाटली वेगळी असते.

मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आमच्यासारख्यांसाठी काम करते, हे फार उशिरा कळलं. कुणाला गरज असेल तर सांगा.

असो. पुढच्या लग्नाला येतोय. पंगतीतून मध्येच उठलो, तर आग्रह करून बसवू नका!